मागच्या अंगणातलं कारंजं

माझ्या दादाला माणसं हाकता यायची, आणि तीही तोंडातून अवाक्षर न काढता. शहराबाहेरच्या मोठ्या पार्कमधली पाण्याची सगळी आखणी त्याची. तळं कुठे, ओढा कुठून, कारंजं कुठल्या वळणावर, हे त्यानं ठरवलं आणि ते सगळं चालतं ठेवण्यात मी पंपघरात एकतीस वर्षं घालवली. तो कागदावर एक रेघ मारायचा आणि त्या रेघेपायी मी गुडघाभर चिखलात. लहानपणापासून आमचं हे असंच आहे. तक्रार करून उपयोग नाही, तरी मी करतो.

पार्कात पाणी शोभेसाठी असतं असं कुणी म्हणालं की दादाचं डोकं फिरायचं. एकदा आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला त्यानं जेवता जेवता तासभर बसवून समजावलं होतं. बिचाऱ्याचा हात ताटातच वाळला. फाटकातून आत आलात की समोर उंच मनोरा दिसतो. सरळ गेलात तर तीन मिनिटांवर. पण मध्ये तळं. म्हणजे मनोरा सारखा दिसत राहणार आणि तुम्ही अर्धा तास काठाकाठानं चालणार, वाटेतली सगळी दुकानं बघत. तळं म्हणाल तर जेमतेम गुडघ्याएवढं. तळ दिसू नये म्हणून त्यात काळपट रंग टाकायचा. दर सोमवारी मी तो बादलीनं ओतत असे, आणि लोक काठावरून पोरांना ओरडायचे, मागे हो, बुडशील.

मागच्या बाजूला धबधबा होता. तो तिथे का, तर त्याच्या पाठीमागे ट्रकचा रस्ता. धबधबा चालू असेपर्यंत एकाही ट्रकचा आवाज आत येत नसे. कुंपण दादाला आवडायचं नाही. कुंपण दिसलं की माणसाला ते ओलांडावंसं वाटतं, पाणी दिसलं की तो काठाशी थांबतो आणि आपण मुद्दामच इथे आलो असं समजतो, हे त्याचं म्हणणं. आणि जिथे दोन वाटा फुटतात तिथे उजवीकडे कारंजं, कारण डावीकडे कचऱ्याच्या गाड्या. माणूस वाट कानानं शोधतो, डोळे नंतर कामाला येतात, असं तो म्हणायचा. मी पैज लावून मोजलं होतं एकदा. शंभरातली ब्याण्णव माणसं उजवीकडे गेली. दादानं नुसतं माझ्याकडे बघितलं. असा शिष्ट माणूस.

तर असा हा माणूस सत्तरीला आला आणि स्वतःची वाट विसरला.

सुरुवातीला पाइपांची मापं विसरला, ते मी मनावर घेतलं नाही. मग लेकीचं नाव. ती दुसऱ्या गावी असते, तिला आम्ही चिमी म्हणतो. फोनवर तो तिला ‘मॅडम’ म्हणाला आणि तिनं रडून गोंधळ घातला. मग तो घरातून बाहेर जायला लागला. पहिल्यांदा शाळेच्या फाटकाशी सापडला, पोरांच्या रांगा लावत होता. दुसऱ्यांदा बसडेपोत. तिसऱ्यांदा आख्खा दिवस गेला. वहिनी पायात चप्पल न घालता पाच गल्ल्या हिंडल्या आणि संध्याकाळी पोलिसांनी त्याला आणून सोडलं तेव्हा दारातच बसल्या.

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, अगदी शांतपणे. “भाऊजी, आता पुन्हा एकदा हे बाहेर गेले, तर मी यांना अशा म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवणार. फॉर्म आणून ठेवलाय चिमीनं. फक्त सही राहिलीय.”

फॉर्म कपाटात चादरींच्या खाली होता. मी चोरून वाचलाही. रुग्णाला काय आवडतं, असा एक रकाना होता त्यात, आणि चिमीनं लिहिलं होतं ‘पाणी’. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या दादाला माशासारखं नेऊन ठेवणार होते. मी लग्न केलं नाही, वरच्या खोलीत राहतो, दोन वेळा वहिनींच्या हातचं जेवतो. दादा या घरात नसेल तर मी या घरात कोण? पण तो प्रश्न पुढचा. माझा भाऊ मला घरात हवा होता, एवढंच मला कळत होतं.

कुलूप लावून बघितलं. त्यानं दारावर हात आपटून बोटांची सालटी काढली, शेजारचे गोळा झाले. खुर्ची आडवी लावून बघितली. तो खुर्ची उचलून बाजूला ठेवायचा, नीट, भिंतीला लावून. मी हात टेकले. मग एका दुपारी मी त्याच्याकडे बघत बसलो होतो आणि माझ्या डोक्यात आलं की अरे गाढवा, ज्यानं लाखो माणसं कुंपणाशिवाय थांबवली, त्याला तू कुलूप लावतोस?

मी अंगणात कारंजं बसवलं. मागच्या अंगणात, पुढच्या दारापासून जितकं लांब जाईल तितकं. प्लास्टिकची मोठी टाकी अर्धी कापली, तळाशी छोटा पंप टाकला, वर पितळी तोटी. पंप पार्कातला. विचारून आणला की न विचारता, ते सोडा. पंप चालू केला आणि खोलीत बसलेल्या दादानं मान वळवली. उठला, स्वयंपाकघरातून आला, टाकीशी उभा राहिला. त्यानं डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाला, “छोट्या, आवाज पातळ आहे. तोटी वीतभर वर घे.”

दोन महिन्यांत त्यानं मला पहिल्यांदा ओळखलं होतं. मी तोटी वर घेतली. खरंच आवाज भरला. मी पाठ फिरवून नाक पुसलं.

पाच आठवडे तो तिथून हलला नाही. सकाळी चहा झाला की अंगणात, खुर्चीवर, हात मांडीवर. कधी उठून टाकीभोवती फिरायचा आणि वहिनी कपडे वाळत घालायला आल्या की त्यांना म्हणायचा, “बाई, उजवीकडून चाला.” वहिनी उजवीकडून जायच्या. रात्री त्याच्या खोलीची खिडकी त्या बाजूला उघडी ठेवायची, पंप तसाच चालू. वहिनी दुपारच्या पडायला लागल्या. एकदा तर चक्क हसल्या. म्हणाल्या, “भाऊजी, या टाकीलाच आता घरातलं कर्तं माणूस करून टाका. तुमच्यापेक्षा बरं काम करते.” मी म्हटलं, टाकी जेवायला मागत नाही, हाही एक फायदा. चिमीला फोनवर मी ऐटीत सांगितलं की तुझा तो फॉर्म रद्दीत घाल. ती म्हणाली, काका, राहू दे अजून थोडे दिवस. मला राग आला.

मला वाटलं होतं, जमलं. जिंकलो आपण.

त्या गुरुवारी वहिनी नवा चष्मा आणायला गेल्या. कित्येक महिन्यांत त्या पहिल्यांदाच स्वतःच्या कामासाठी घराबाहेर पडत होत्या. दोनदा दारातून परत आल्या. मी म्हटलं, जा हो, मी आहे ना. चारच्या सुमारास पंपाचा आवाज जड यायला लागला. जाळीत पानं अडकली असणार. एकतीस वर्षं पंपघरात काढलेल्या माणसाला असा आवाज ऐकवत नाही. दादा खुर्चीवर पेंगत होता. मी पंप बंद केला, जाळी काढली, ब्रशनं साफ केली. बघतो तर आतलं रबरी वायसर गेलेलं. वायसर वर माझ्या खोलीत, खिळ्यांच्या डब्यात. आठ मिनिटं लागली असतील. फार तर दहा.

खाली आलो तर खुर्ची रिकामी. स्वयंपाकघरात नाही. खोलीत नाही. पुढचं दार उघडं, आणि घरातले सगळे दिवे, पंखे बंद केलेले.

ते बंद दिवे बघून माझ्या लक्षात आलं.

पार्क बंद करायची वेळ झाली की आमच्याकडे कधी भोंगा वाजला नाही. शिट्टी नाही, रखवालदारांची ओरडाओरड नाही. दादाला ते सगळं हलकं वाटायचं. तो पाणी बंद करायचा. आधी मागचा धबधबा. मग ओढा. मग तळ्यातली कारंजी, एक एक करत. आतून बाहेर. माणसांना कळायचं नाही काय झालं, फक्त इथे आता काही उरलं नाही असं वाटायचं, आणि पुढे कुठेतरी पाणी वाजत असायचं तिकडे ती निघायची. फाटकाजवळचं कारंजं सगळ्यात शेवटी. वीस मिनिटांत पार्क मोकळा. दादा सगळ्यांच्या मागून चालत यायचा, दिवे बंद करत, बाकांखाली डोकावत, आणि मग आम्ही दोघं स्टाफच्या गाडीनं घरी. रोज हे व्हॉल्व्ह कोण बंद करायचं? मी. याच हातांनी, एकतीस वर्षं. आणि दिवसाढवळ्या मी त्याच्यासमोर आतलं पाणी बंद करून वर वायसर शोधत बसलो. दुसऱ्या कुणाच्या घरी ही चूक झालीच नसती. दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्यानं पंप थांबला म्हणून उठून घर बंद केलं असतं?

तो पळून गेला नव्हता. त्याला वाटलं, आपली वेळ झाली, आणि तो काम करत बाहेर पडला.

मी रस्त्यात उभा राहून कान दिले. एवढं मला येत होतं. कोपऱ्यावर एक बाई बागेला पाणी घालून पाइप गुंडाळत होती. मी विचारलं. हो म्हणाली, एक आजोबा आले होते, पाइपाशी जरा थांबले, मग मी नळ बंद केला तर निघून गेले. पुढे बांधकामावर भिंतींवर नुकतंच पाणी मारून झालं होतं. तिथला गवंडी म्हणाला, हो, आत्ताच, आमचं झालं आणि ते गेले. त्याच्यापुढे मोठा रस्ता. चार पदरी. आणि रस्त्याच्या पलीकडे गाड्या धुण्याचं केंद्र, तिथे दिवसभर पाण्याचा मारा.

तो तिथेच होता. केंद्राच्या मालकानं त्याला एका जुन्या टायरवर बसवलं होतं. नखशिखांत भिजलेला, उजवं मनगट सुजून हे एवढं. रस्ता ओलांडताना एका टेम्पोनं ब्रेक मारला, तरी धक्का बसलाच होता. मालक भला माणूस. मला म्हणाला, “काका रस्त्यावरून उठले आणि सरळ आत गेले हो. दोन्ही हात पसरून गिऱ्हाइकांना सांगत होते, चला, चला, सावकाश.” मी दादाचा डावा हात धरला. त्यानं मला ओळखलं नाही. थंडीनं त्याचे दात वाजत होते.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा वहिनी आल्या होत्या. नवा चष्मा डोळ्यांवर. मी दारातच सुरू झालो. चूक माझी आहे, त्याची नाही, पाणी मी बंद केलं, ते बंद झालं की तो असं का करतो ते मी पार्कातल्या व्हॉल्व्हपासून सगळं सांगितलं. मी दोन पंप लावतो म्हटलं. एक बंद पडला तर दुसरा चालेल. एवढ्याशा कारणासाठी नका हो.

वहिनींनी दादाला कोरडे कपडे घातले, मऊ भात भरवला, तोंड पुसलं. मग कपाटातून फॉर्म काढला.

“दोन पंप लावाल,” त्या म्हणाल्या. “लाईट गेली तर?”

“बॅटरी लावतो.”

“तुम्ही आजारी पडलात तर? तुम्हीही सदुसष्टचे आहात, भाऊजी.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “गेले पाच आठवडे मी दुपारची झोपत होते असं तुम्हाला वाटतं ना? मी पडून ऐकत होते. पाणी वाजतंय ना, वाजतंय ना. रात्रीसुद्धा. डोळ्याला डोळा लागला नाही माझा. तुम्ही इतके खूश होतात, म्हणून बोलले नाही.”

त्या हसल्या होत्या ना तेव्हा, टाकीवरून. मी तेही खरं समजून बसलो होतो. त्यांनी सही केली, अक्षर जरासुद्धा हललं नाही, आणि मग त्या न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रविवारी सकाळी चिमी गाडी घेऊन आली. दादा अंगणात होता, खुर्चीवर. पंप मी वायसर घालून पुन्हा सुरू केला होता, कशासाठी ते विचारू नका. चिमी त्याच्या पायाशी बसून म्हणाली, बाबा, फिरायला जायचं ना. तो पाण्याकडे बघत राहिला. तिनं हात धरून उठवायला बघितलं तर त्यानं चांगल्या हातानं टाकीची कड पकडली. वहिनींनी ती बोटं सोडवायचा प्रयत्न केला. तो ओरडला, लाथ झाडली, वहिनींचा नवा चष्मा फरशीवर पडला. फुटला नाही. चिमी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. असं अर्धा तास चाललं. संस्थेतल्या माणसानं फोनवर सांगितलंच होतं, स्वतःहून आले नाहीत तर आम्ही दोन माणसं पाठवू, गरज पडली तर इंजेक्शन देऊ, घाबरू नका, हे नेहमीचं आहे.

चिमीनं फोन हातात घेतला. वहिनींनी तिला थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या. “तुम्हालाच जमेल.”

मला कळलं त्या काय म्हणतायत. मीच तर सांगितलं होतं, त्यांना पटवायला, व्हॉल्व्हसकट. मी म्हटलं, हे मला सांगू नका. दुसरं काहीही सांगा. मी वाटेल ते बोललो त्यांना, घरातल्या बाईशी बोलू नये असं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दोन परके लोक येऊन यांना धरून सुई टोचणार. ते बघवेल तुम्हाला?”

मी घराच्या पुढच्या बाजूला गेलो. फाटकाजवळच्या नळाला बागेचा पाइप लावला, त्याचं तोंड पायरीवर उंचावरून ठेवलं आणि नळ सोडला. आवाज पातळ होता. मी एक वीट घेतली आणि पाइप तिच्यावर ठेवला. मग आवाज भरला. चिमीला म्हटलं, गाडी फाटकाला लाव आणि मागचं दार उघडं ठेव. मग घरातून चालत मागे अंगणात आलो आणि पंपाचा स्विच बंद केला.

तोटीतलं पाणी खाली बसलं. दादानं मान वर केली. थोडा वेळ तो तसाच बसला. मग कड सोडली, गुडघ्यांवर हात ठेवून उठला आणि खुर्ची भिंतीला लावून ठेवली.

कुणी त्याला हात लावला नाही. तो स्वयंपाकघरात आला, टेबलाखाली वाकून बघितलं. दिवा बंद केला. खोलीत आला, पंखा बंद केला. मी चार पावलं मागून चालत होतो. फाटकाशी, पायरीवर वाजणाऱ्या पाण्याजवळ तो थांबला, वळला, आणि त्यानं मला ओळखलं. शपथेवर सांगतो, अगदी पूर्ण ओळखलं.

“छोट्या, आत कुणी राहिलं नाही ना?”

“नाही दादा.”

“बघितलंस नीट?”

“बघितलं.”

“मग हेही बंद कर.”

मी नळ बंद केला. तो गाडीशी गेला, वाकून आत बसला, प्लास्टरचा हात सांभाळत पलीकडे सरकला, आणि शेजारची जागा हातानं झटकून मला म्हणाला, “चल, बस लवकर. ती जेवायची थांबली असेल.”

वहिनी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, समोर बघत. त्यांनी मान वळवली नाही.

मी गाडीचं दार बाहेरून लावलं.